फुलदाणीवरचा कांदा

मी फुटलेल्या वस्तू जोडते. निवृत्त झाले तरी ‘जोडत होते’ असं म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की लोक लगेच ‘मग आता वेळ कसा जातो’ म्हणून विचारतात आणि भजनी मंडळात नाव घालायचा सल्ला देतात. नोकरी साताऱ्यातल्या एका संग्रहालयात झाली. हुद्दा होता ‘जतन सहायक, रासायनिक’. त्यातल्या शेवटच्या शब्दानं माझा घात केला. आमच्या सासूबाईंनी गल्लीत ‘सून सरकारी लॅबमध्ये आहे’ असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे पहिल्याच महिन्यात शेजारच्या एक आजी सकाळी सकाळी औषधाच्या बाटलीत लघवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी फुटकी भांडी जोडते, हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग त्याला सरकार पगार का देतंय?”

सासूबाई या हकिकतीत पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांच्याविषयी इथेच सांगून टाकते. बाई प्रेमळ होत्या, पण काम करणाऱ्याच्या पाठीमागे येऊन उभं राहायची त्यांना सवय होती. मी भाकरी थापत असले की मागे येऊन उभ्या राहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. अजून मागे पाऊल वाजलं की माझी भाकरी वाकडी होते.

निवृत्तीनंतर मी घरच्या पाठच्या खोलीत टेबल मांडलं आणि लोकांच्या वस्तू घ्यायला लागले. संग्रहालयात वस्तू यायच्या त्या मुक्या. इकडे प्रत्येक वस्तूबरोबर एक माणूस येतो आणि तो बोलतो. पलूसचे एक बागायतदार निळ्या नक्षीची मोठी बरणी घेऊन आले. पाचशे वर्षांपूर्वीची, चीनच्या बादशहाच्या घरची, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी ती उलटी केली तर तळाला वायर जाण्यासाठी नीट गोल भोक पाडलेलं. म्हणजे ती टेबलावरच्या दिव्याची बैठक होती. मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “चिनी लोक लय पुढचा विचार करत्यात, मॅडम.” मी तडा बुजवून दिला. बादशहाचं काही बोलले नाही.

दुसरे एक निवृत्त सुभेदार. त्यांनी बायकोची आवडती बशी फोडली आणि टपरीवर मिळते ती झटपट चिकटवणारी इवलीशी ट्यूब आणून स्वतःच जोडली. बशी उभी राहिली, पण एक तुकडा हातात उरला. सुभेदार मला म्हणाले, “एक जवान मागं राहिला, पण पलटण मुक्कामी पोचली.” त्या एका जवानाला आत घेण्यासाठी मला सगळी पलटण पुन्हा मोडावी लागली आणि त्यात तीन आठवडे गेले. म्हणून सांगते, वस्तू फुटली तर तुकडे कागदात बांधून ठेवा आणि त्या ट्यूबपासून लांब राहा. पूर्वीची माणसं चुना आणि गूळ कालवून जोडायची, ते परवडलं. कोमट पाण्यात ठेवलं की सुटतं तरी.

सुटलं पाहिजे, हाच आमच्या कामाचा पाया आहे. आपण जे जोडू ते उद्या दुसऱ्या कुणाला सोडवता आलं पाहिजे. वस्तूला हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढायचे. जेवढं गेलंय तेवढंच भरायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि मूळ कारागिराच्या कामावर नंतर कुणी काही थापलं असेल, तर त्याची नोंद करून ते काढून टाकायचं. याला आम्ही ‘नंतरची भर’ म्हणतो. हा शब्द उच्चारताना आमच्या साहेबांच्या चेहऱ्यावर, ताटात केस सापडावा तसा भाव यायचा. तोच भाव माझ्याही चेहऱ्यावर यायला लागला.

शिवाय एक छापील फॉर्म असायचा. त्यात माप, वजन, तडे, डाग असे रकाने आणि सगळ्यांत शेवटी ‘वस्तूचा घरगुती इतिहास’. संग्रहालयात हा रकाना भरायला विचारायचं कुणाला? घरं कधीच मागे पडलेली असायची. तिथे मी एक आडवी रेघ मारायची. सगळ्या नोकरीत मी त्या रकान्यात रेघेशिवाय दुसरं काही लिहिल्याचं आठवत नाही. निवृत्त होताना तेच फॉर्म छापून घेऊन मी घरी आणले आणि रेघ मारायची सवयही बरोबर आली.

आता आष्ट्याची गोष्ट. ती सांगायची की नाही, यावर मी बराच विचार केला. आमच्या धंद्यात आपली चूक कुणी छापत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सन्मती नावाची एक मुलगी माझ्याकडे आली. सांगलीत दातांचा दवाखाना चालवते, घर आष्ट्यात, घरचा हळदीचा व्यापार. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा बेळगावचा. लग्नासाठी घर रंगवायला काढलं आणि रंगाऱ्याची शिडी कोनाड्यावर कलंडली. कोनाड्यात तिच्या आजीची फुलदाणी होती. फुलदाणीची मान आणि एक खांदा गेला. सन्मतीनं तुकडे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, पुड्यांवर नंबर घालून डब्यात भरून आणले होते. “दात असेच पाठवतो आम्ही लॅबला,” ती म्हणाली. माझ्या टेबलावरच्या टोकदार सळया आणि बारीक आरसे बघून तिला तर माहेरी आल्यासारखं झालं. ती हत्यारं दातांच्याच डॉक्टरांची असतात. आम्ही उसनी घेतो आणि परत करत नाही.

फुलदाणी हातभर उंचीची, पांढऱ्यावर निळी. बादशहाबिदशहाची नव्हे, चीनमधून बाहेरदेशी विकायला बोटी भरभरून माल यायचा त्यातली, पण हात चांगला होता. नदी, नदीवर झुकलेलं झाड, लांबवर डोंगर, आणि एका होडीत टोपीवाला माणूस गळ टाकून बसलेला. गळाची दोरी नदीत उतरली होती आणि जिथे उतरली तिथेच एक निळा ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा. खाली फुगीर, वर निमुळता आणि एका बाजूला ओघळ.

“ही अक्काच्या माहेरची,” सन्मती म्हणाली. आजीला घरात सगळे अक्का म्हणायचे, नाव सुमतीबाई. “माझ्याबरोबर बेळगावला द्यायची म्हणून तिनं जपून ठेवली होती. शिडी पडली तेव्हापासून नीट जेवत नाहीये. लग्नाआधी होईल ना?”

मी होईल म्हटलं. फुलदाणीवर धुळीची पुटं होती, त्याबद्दल मी जरा नाक मुरडलं असावं. ती घाईघाईनं म्हणाली, “अक्का कुणाला ओलं फडकं लावू देत नाही. कोरड्यानंच पुसते, ते पण तीच. का ते नाही सांगत.” मग मी फॉर्म भरायला घेतला आणि शेवटच्या रकान्याशी आले. सन्मती म्हणाली, “ते अक्काला माहीत असेल. फोन लावून देऊ?”

मी म्हटलं, “असू दे, नंतर बघू.” आणि रेघ मारली.

काम छान झालं. स्वतःच्या तोंडानं सांगते, पण झालं. अकरा तुकडे असे बसले की नख फिरवलं तरी अडत नव्हतं. एक बारका तुकडा हरवला होता, तो भरून त्यावर झाडाची दोन पानं ओढली. मग उरलेली फुलदाणी स्वच्छ करायला घेतली आणि त्या ठिपक्यापाशी आले.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. या भांड्यांवरचं निळं चित्र कच्च्या भांड्यावर काढतात, त्यावर काचेसारखा लेप देतात आणि मग भट्टीत घालतात. चित्र लेपाखाली कायमचं बंद होतं. पाणी, साबण, काहीही लावा, जात नाही. त्यामुळे खरं-खोटं ओळखणं सोपं असतं. कापसाचा ओला बोळा फिरवायचा. कापूस पांढरा राहिला तर मूळ काम, निळा झाला तर नंतरची भर. माझा बोळा निळा झाला.

मला आनंद झाला, हे कबूल करते. एवढ्या वर्षांची सवय. कुणीतरी शाई सांडली असणार, असं ठरवून मी फॉर्मवर ‘शाईचा डाग, ओघळासह’ असं लिहिलं, आणखी दोन बोळे फिरवले आणि तो ठिपका मिनिटभरात साफ झाला. खालून निघाला मासा. गळाला लागलेला, तोंड उघडं, शेपटी वळलेली, खवला-खवला मोजून घ्यावा असा. मी एकटीच ‘अरे वा’ म्हणाले. मला मासे आवडतात, चित्रातले आणि ताटातलेही.

फुलदाणी सन्मती न्यायला येणार होती. पण घरच्यांचे चेहरे बघायचा मोह मला आवरला नाही. लग्नाला आठ दिवस राहिले असताना मी ती मांडीवर घेऊन एसटीनं निघाले. इस्लामपूरला गाडी बदलली. कंडक्टरनं माझ्या मांडीवरचं गाठोडं बघितलं आणि विचारलं, “हाफ तिकीट काढायचं का?”

आष्ट्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. अक्का जेवणाच्या खोलीत पाटावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पांढरं सुती लुगडं. मी फुलदाणी समोर ठेवली. त्यांनी मान चाचपली, खांदा चाचपला, तडा कुठे होता ते शोधायचा प्रयत्न केला आणि सापडला नाही तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवला. “सोन्यावानी हात हाय बाई तुमचा,” म्हणाल्या. मी फुलले. मग त्यांनी फुलदाणी वळवली आणि त्यांचं बोट नेमकं त्या जागेवर जाऊन थांबलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“कांदा कुटं गेला?” अक्का म्हणाल्या.

जैनाचं घर. जमिनीखालचं काही खात नाहीत, कांदा उंबरठ्याच्या आत येत नाही. मला वाटलं, बाईंचं वय झालंय. मी सन्मतीकडे बघितलं. तिलाही काही कळलं नव्हतं.

“डाग होता तो, अक्का,” मी म्हटलं. “काढला मी. बघा खाली किती सुंदर मासा आहे.”

अक्कांनी फुलदाणी हळूच जमिनीवर टेकवली आणि तोंड भिंतीकडे केलं. रडल्या नाहीत. मला वाटतं रडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, “डाग न्हवता, बाई. कमळ हुतं ते. आमच्या मालकांनी काडल्यालं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते सन्मतीनंही पहिल्यांदाच ऐकलं. अक्कांचे वडील हळदीच्या कामानं मुंबईला जायचे, तिथून त्यांनी ही फुलदाणी आणली आणि लग्नात लेकीला दिली. सासरी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती फिरवून बघितली. गळाला तडफडणारा मासा बघून म्हणाल्या, जीव मारायचं चित्र आणि तेही जेवणाच्या खोलीत, या घरात नको. सोमवारी माणूस पलूसला जाणार आहे, त्याच्याबरोबर माहेरी परत पाठवू.

“मी काय बोलणार,” अक्का म्हणाल्या. “नवी नवरी. मागं न्हाणीत जाऊन रडलो. मालकांनी बगितलं आसंल. तवा एकमेकांसंगं धड बोलत बी न्हवतो आमी. रविवारी सासूबाई देवळात गेल्या, तवा हे ह्या खिडकीत बसलं, दाराकडं पाट करून. कापडाला घालायची नीळ घेतली, डिंकात कालवली. पाणी बी गाळून घेतलं त्यात, म्हणलं, मासा झाकायचा तर जीव मारून नको. आन माशावर कमळ काडाया लागलं. हळदीची पोती मोजणारा माणूस, त्याला कमळ कुटलं येतंय? तेवड्यात सासूबाई लवकर परत आल्या. दारात पाऊल वाजलं, हे दचकलं आन हात घसरला. कमळाला ही लांब शेपटी आली.”

“मग?” सन्मतीनं विचारलं.

“मग काय. सासूबाईंनी फुलदाणी उचलली. बगितली. आन म्हणल्या, मासा गेला आन कांदा आला. मुळासकट.” अक्कांच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. “माज्यादेखत पैल्यांदा हासल्या त्या. आन ठेवली कोनाड्यात. परत कवा इषय न्हाई काडला.”

त्यांचे मालक जाऊन अठरा वर्षं झाली होती. बोलणं कमी, पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, फोटो एक, तोही पाच भावांबरोबर. “माज्यासाटी हातानं केल्याली एवडीच वस्तू त्यांची,” अक्का म्हणाल्या. “म्हणून ओलं फडकं लावू दिलं न्हाई कुणाला. कुणाला सांगितलं बी न्हाई, खाली मासा हाय हे कळाया नको म्हणून. आता ह्यो तडफडणारा जीव मी पोरीच्या संसारात कसा धाडू?”

मी तिथे बसले होते आणि मला माझीच लाज वाटत होती. फुलदाणी फुटली ती शिडीनं, आणि ती मी जोडली. पण त्या घरात जे मोलाचं होतं ते मी तीन बोळ्यांत पुसून केराच्या टोपलीत टाकलं होतं. एक फोन केला असता तर टळलं असतं. तो फोन मुलगी स्वतःहून लावून देत होती.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. हात लावण्याआधीचे फोटो. मोबाईलवर ठिपका मोठा करून अक्कांना दाखवला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, “अक्का, मी तसंच्या तसं काढून देते. त्यांचं नसेल, पण तसंच असेल. चालेल?” त्यांनी सन्मतीकडे बघितलं, मग फुलदाणीकडे. “काडा,” म्हणाल्या. “पर पाणी गाळून घ्या.”

सन्मतीनं पेठेतल्या जुन्या किराणा दुकानातून निळीची पूड शोधून आणली. हल्ली बाटलीतलीच मिळते, दुकानदारानं आतून पुडी काढून दिली. डिंक घरात होता, लग्नाच्या लाडवांसाठी आणलेला. पाणी गाळलं. कुंचला माझ्या पर्समध्ये असतोच, इतर बायका कंगवा ठेवतात तसा.

पहिलं कमळ मी काढलं ते पाच मिनिटांत. अक्कांनी चष्म्यातून बघितलं. “लय चांगलं झालंय,” म्हणाल्या, आणि मी कुंचला धुवायला घेतला तर पुढे म्हणाल्या, “देवळात असतंय तसलं. हे त्यांचं न्हाई.” पुसलं. दुसरं मुद्दाम वाकडं काढलं. ते सन्मतीलाच पटलं नाही. “मुद्दाम केलंय ते कळतंय,” ती म्हणाली, “आमच्याकडे दाढ दुखतेय म्हणून सांगणारी मुलं अशीच तोंड वाकडी करतात.” तेही पुसलं. तिसरं मी फोटो समोर ठेवून, मापं घेऊन, ओघळाची लांबी पट्टीनं मोजून काढलं. त्याला तासभर लागला. मानेला रग लागली. फोटो आणि फुलदाणी शेजारी ठेवली तर फरक सांगता आला नसता.

अक्कांनी आधी फोटो बघितला, मग फुलदाणी. “मापात बरोबर हाय,” म्हणाल्या. “पर हे भ्याल्यालं न्हाई, बाई. त्यांचं भ्याल्यालं हुतं.”

सगळा जन्म हात स्थिर ठेवण्यात गेला. श्वास रोखून रेघ ओढायची, कोपर टेकवायचं, सकाळी चहा कमी घ्यायचा, का तर हात हलू नये. आता या वयात एक बाई मला सांगत होत्या की तुमचा हात हलत नाही हीच खोट आहे. मला थोडा रागच आला. मी पुसलं आणि म्हटलं, “मग तुम्हीच सांगा कसं काढू.”

अक्का उठल्या. मला खिडकीत बसवलं, दाराकडे पाठ करून. “हितंच बसल्यालं ते,” म्हणाल्या. “काडा आता. घाई न्हाई.” आणि सन्मतीला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं असतं, त्यामुळे त्यांची तयारी सुरू झाली असावी, असं मला वाटलं. मी दोन पाकळ्या काढल्या. तिसरी सुरू केली. माझं लक्ष पूर्ण कुंचल्याच्या टोकावर होतं.

तेवढ्यात मागे दारात पाऊल वाजलं आणि दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “सासूबाई आल्या.”

आता मला कळतं की अक्का सोडल्या तर त्या घरात त्या वेळी कुणाचीही सासू नव्हती. माझ्या सासूबाईंना जाऊन तर बारा वर्षं झाली. पण ते सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मी खांदे उचलून अशी दचकले, की कुंचला पाकळीवरून निसटला आणि खाली ओघळत गेला. मी मागे बघितलं. अक्का दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे सन्मती भिंतीला टेकून हसत होती.

अक्का जवळ आल्या. फुलदाणी उचलली नाही, वाकून बघितली. एक पाकळी फुगलेली, वर निमुळतं टोक, बाजूला लांब शेपटी. फोटोतल्यापेक्षा शेपटी थोडी जास्तच लांब होती. माझ्या सासूबाई त्यांच्या सासूबाईंपेक्षा कडक असाव्यात.

“आता हाय कांदा,” अक्का म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि सरळ उभ्या राहिल्या. “त्यांचा न्हाई. पर घाबरलाय त्यांच्यावानीच.”

मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवले, ऊन अंगणात असतानाच. त्यांनी माझ्या ताटात दोनदा पुरणपोळी वाढली आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही, सरळ वाढली. मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. पण निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, “तुमच्या सासूबाई कशा हुत्या वं?” मी सांगितलं. आम्ही दोघी थोडं हसलो.

घरी येऊन मी तो फॉर्म काढला. ‘शाईचा डाग’ खोडलं. शेवटच्या रकान्यातली रेघ खोडली आणि तिथे जे लिहायचं होतं ते मावेना, म्हणून मागची सगळी पाठ भरली. ‘नंतरची भर’ या सदराखाली आता दोन नोंदी आहेत, एक त्यांच्या मालकांची आणि एक माझी. आमच्या साहेबांनी हे बघितलं असतं तर त्यांच्या ताटात केसांचा पुंजकाच निघाला असता. त्या फॉर्मची एक प्रत मी घडी घालून सन्मतीला पाठवली. फुलदाणीच्या आत ठेव म्हटलं, म्हणजे पुढे कधी माझ्यासारखी कुणी हुशार बाई कापसाचा बोळा घेऊन बसली तर तिला कळेल.

लग्न झालं. फुलदाणी बेळगावला गेली. महिन्याभरानं सन्मतीचा फोन आला. तिच्या सासूबाईंनी घर आवरायला काढलं होतं. दुपारी ती बेळगावातल्या नव्या दवाखान्यातून आली तर सासूबाई फुलदाणीसमोर उभ्या, हातात बादलीतून पिळून काढलेलं ओलं फडकं.

“मग?” मी विचारलं. “चिठ्ठी वाचली का त्यांनी?”

“चिठ्ठी आतच आहे. त्यांना माहीतसुद्धा नव्हती,” सन्मती म्हणाली. “फडकं हातात धरून माझी वाट बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, अगं, हा कांदा कुणी काढलाय? पुसू का नको?”

मी फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसले. भिंतीवर माझी प्रमाणपत्रं आहेत, ओळीनं चार, फ्रेम केलेली. बेळगावच्या त्या बाईंनी यातला एकही अभ्यासक्रम केलेला नाही. फडकं ओलं होतं, ठिपका समोर होता, आणि त्यांनी आधी विचारलं.